तिपटीचा मोती

“आकडा कमी आलाय म्हणून रडत बसू नका, आणि कुणी आकडा वाढवून देतो म्हणालं तर तिकडे फिरकू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “हल्ली त्याचाही बाजार भरायला लागलाय.”

थोरलीने ते हसण्यावारी नेलं. तिच्या मांडीवर सहा महिन्यांची लेक चुळबुळत होती आणि खांद्यावर त्याच लेकीने नुकतंच ओकलेलं दूध वाळत होतं. “आमच्यात तसलं कुणी नाही हो, बाई,” ती म्हणाली. “आम्ही दोघी बहिणी शिकलेल्या. बाबांचं बुटांचं दुकान आम्हीच चालवतो. रोज शंभर लोकांशी गाठ असते, आम्हाला कोण फसवणार?”

शेजारच्या खुर्चीत धाकटी ओढणीचं टोक पिळत बसली होती. तिला नुकतेच दिवस गेले होते. गेल्या वर्षी एक गर्भ असाच सुरुवातीला हातचा गेला होता, म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधीच रक्त तपासलं, तर प्रोजेस्टेरॉन कमी निघालं. आकडा होता सहा.

“गर्भाशयाचं अस्तर सांभाळणारं हे संप्रेरक,” डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. “ते कमी असलं म्हणजे झालंच, असं नाही. कधी सगळं ठीक असतं. कधी गर्भच मुळात धड नसतो, म्हणून ते कमी पडतं. आणि कधी गर्भ गर्भाशयात न रुजता भलतीकडेच, बीजवाहक नळीत, रुजलेला असतो. तेव्हा काही दिवसांनी सोनोग्राफी करू, मग ठरवू. मधल्या काळात पोटात एका बाजूला कळ आली, रक्त दिसलं, चक्कर आली किंवा खांदा दुखायला लागला, तर वाट बघायची नाही. सरळ इकडे यायचं.”

“खांदा?” धाकटीने विचारलं. “पोटाचा आणि खांद्याचा काय संबंध?”

“पोटात आतल्या आत रक्त साठलं की दुखणं खांद्यात जाणवतं.”

“मग आकडा वाढवायचं औषध नाही का?”

“औषध आहे. काही बायकांना त्याचा उपयोगही होतो, आणि तुला लागलं तर मी देईन. पण आधी गर्भ कुठे आहे ते बघू दे. पत्ता चुकला असेल, तर घर सारवून काय करायचं?”

धाकटीने मान डोलावली. तिने काय ऐकलं, कुणास ठाऊक! तिच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती: सहा.

त्या आठवड्याच्या अखेरीस ती मोतीमाईच्या हॉलात बसली होती.

हॉल बॅडमिंटनचा. जमिनीवर कोर्टाच्या पांढऱ्या रेघा तशाच होत्या आणि त्या रेघांच्या चौकटींत बायका दाटीवाटीने बसवलेल्या. छतावरचे मोठाले दिवे ऐन दुपारीही जळत होते. घाम, ओले केस, स्वस्त अत्तराचा फवारा आणि कुठल्याशा पोराने कोपऱ्यात केलेली ओकारी, या सगळ्याचा मिळून एक वास हॉलभर तरंगत होता. थोरली लेकीला छातीशी बांधून भिंतीला टेकून उभी होती. धाकटीची सासू, म्हणजे काकू, धाकटीला ‘तूही ये, डोळ्यांनी बघ’ म्हणून घेऊन आल्या होत्या, आणि धाकटी एकटी जाऊ नये म्हणून थोरली सोबत आली होती. धाकटीचा नवरा कामासाठी परगावी, तेव्हा घरात काकूंचाच शब्द चाले.

“बघ तर खरं,” काकू कुजबुजल्या. “आमच्या मजल्यावरच्या बाईची सून. पाचाचे सोळा झाले. तीन दिवसांत!”

“कशाचे सोळा, काकू?”

“अगं, तेच ते. आकड्याचे.”

मंचावर खेळाचा गुणफलक होता, आकडे उलटायचा. शेजारी एक माइकवाला. माइकवाल्याच्या गळ्याला देवाने लाउडस्पीकर जन्मतःच लावून दिला असावा; वरून हातात आणखी एक घेऊन तो ओरडत होता.

“भगिनींनो! डॉक्टरने किती सांगितला? सात! सात सांगून काय म्हणाला? धोका म्हणाला! घाबरवलं! आणि आज? आजचं रक्त काय बोलतंय?”

त्याने फलक उलटला. बावीस.

हॉल फुटेल अशा टाळ्या पडल्या. बावीसवाली बाई मंचावर रडत लोटांगण घालू लागली. तिला दोघींनी धरलं, कारण पोटावर झोपणं बरं नव्हे, एवढं शास्त्र हॉलात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मोतीमाई बोलली. गुबगुबीत गाल, पांढरंशुभ्र पातळ, आणि आवाज असा की जणू झोपलेल्या पोराला उठवायचंच नाही. “बाळांनो, डॉक्टर काय करतो? नुसता वाचतो. वाचणं सोपं! वाढवणं अवघड. डॉक्टर सुईने घेतो, माई जिभेने देते.”

आणि खरोखरच ती जिभेने देत होती. समोरच्या काचेच्या बरणीतून माई एक पांढरा मोती उचले, स्वतःच्या जिभेखाली ठेवी, डोळे मिटून काहीतरी पुटपुटे, आणि मग तो ओलाचिंब, फेसाळलेला मोती समोरच्या बाईच्या ओंजळीत थुंके. ती बाई तो मोती आपल्या तोंडात घाली आणि डोळे मिटे.

माईच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबली, तशी एक सेविका धावत आली आणि तिने ती तार रुमालाने टिपली. तो रुमाल मग पुढच्या रांगेतल्या बायकांनी कपाळाला लावला. थोरलीने लेकीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. या हॉलातली हवासुद्धा पोरीला लागू नये असं तिला वाटलं.

“धाकटे, चल,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “मला ओकारी येतेय.”

“ताई, तुझं झालंय बाळ,” धाकटीने वळूनही न बघता उत्तर दिलं. “तुला काय जातंय बोलायला?”

धाकटीचा नंबर आला. फलकावर सहा लागला, ओंजळ पुढे झाली, आणि थोरलीची बहीण, जी दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीही कधी प्यायली नव्हती, तिने तो मोती तोंडात घातला.

तीन दिवसांनी हॉलाच्याच कोपऱ्यातल्या टेबलावर रक्त द्यायचं होतं. टेबलावर मांडलेली लॅब माईच्या जावयाची. मोती फुकट होता, तपासणी मात्र तिथेच करायची, आणि तिचे पैसे रोख. बाहेरच्या लॅबवर माईचा विश्वास नव्हता. “त्यांच्या यंत्राला श्रद्धा नाही,” असं ती म्हणे.

चौथ्या दिवशी धाकटीने घरच्या ग्रुपवर दोन्ही रिपोर्टांचे फोटो टाकले. आधी सहा, आता एकोणीस. खाली नाचणाऱ्या बाहुल्यांची रांग. काकूंनी मजल्यावर मिठाई वाटली. धाकटीने सोनोग्राफीची वेळ रद्द केली.

“अगं, पण का रद्द केलीस?” थोरलीने फोनवर विचारलं.

“कशाला जाऊ? बाई पुन्हा घाबरवणार. माई म्हणाली, रुजेपर्यंत पडून राहा, यंत्राखाली जाऊ नकोस.”

“पोट वगैरे बरंय ना?”

“थोडं ओढतंय. ते ओढणारच. मोती रुजतोय म्हणून.”

थोरलीला चैन पडेना. ती जात्याच काळजीखोर. लेक झाल्यापासून तर झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघणारी. पुढचे दोन दिवस दुकानात येणाऱ्या बायकांपैकी जी कुणी माईकडे जाऊन आली असेल, तिच्याशी ती बूट दाखवता दाखवता गप्पा मारू लागली. तुमचा किती होता? किती झाला? पाचाचे सोळा. साताचे बावीस. दहाचे बत्तीस. एकीचे दोनाचे सहा.

सगळ्यांचंच कसं काय तिप्पट? तिपटीपेक्षा थोडंसं जास्त, पण तिप्पट. माईची कृपा कुणावर दुप्पट, कुणावर दसपट, असं कधीच का होत नव्हतं? देव म्हटला की त्याची लहर असते. ही कृपा तर पाढा पाठ केल्यासारखी चालली होती.

हे कोडं डोक्यात घोळत असतानाच एक उंच गिऱ्हाईक काउंटरवर डबा आपटत म्हणालं, “काय हो, गेल्या वेळी आठ नंबरचा नेला होता. आता डब्यावर बेचाळीस लिहिलंय. माझा पाय काय रबराचा आहे?”

“पाय तोच आहे साहेब,” थोरलीच्या तोंडून सवयीने निघालं. “पट्टी बदलली. या कंपनीचं माप वेगळं, त्या कंपनीचं...”

ती मध्येच थांबली.

हे वाक्य त्या दुकानात दिवसातून वीसदा म्हटलं जाई. धाकटी तर ते चालीवर म्हणे. लहान पोरांची समजूत घालायला ती त्याचं गाणं करी.

थोरलीने फोन काढला आणि दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. सहाच्या पुढे बारीक अक्षरात एक माप छापलं होतं, नॅनोग्रॅमवालं. एकोणीसच्या पुढेही बारीक अक्षरात माप होतं, पण ते नॅनोमोलवालं. माइकवाल्याने आकडा तेवढा ओरडून सांगितला होता, पुढची अक्षरं गिळली होती. आणि गुणफलकावर अक्षरांना जागाच नव्हती.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “बाई, नॅनोग्रॅमचे नॅनोमोल करायला कितीने गुणायचं?”

“तीनपेक्षा जरा जास्त. का गं?”

“म्हणजे सहाचे एकोणीस?”

“बरोबर, तेच ते. जगात दोन्ही मापं चालतात, दोन्ही खरी. पण हे तू...” डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम बदलला. “थांब. तुझी बहीण सोनोग्राफीला आली नाही. आकड्याचं मरू दे. तिचं पोट कसं आहे?”

तिला गावभरच्या बायकांचे आकडे पाठ झाले होते, पण आज सकाळपासून बहिणीला कसं वाटतंय, ते तिने विचारलंच नव्हतं.

लेकीला बाबांच्या हाती देऊन ती धावली.

दार काकूंनी उघडलं, पण अर्धवटच. “झोपलीय ती. उठवू नकोस. माईंचा निरोप आहे, मोती रुजताना पोट ओढतं, कळा येतात, ते सोसायचं असतं.”

“काकू, बाजूला व्हा.”

“अगं, पण ऐक तरी! एकोणीस झालाय. एवढं चांगलं चाललंय आणि तू विस्कटायला...”

थोरली त्यांच्या हाताखालून आत शिरली. खोलीचे पडदे ओढलेले. धाकटी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. चेहरा धुऊन विटलेल्या कापडासारखा.

“ताई आलीस? बरं झालं. उशी जरा बदलून दे ना. खांदा अवघडलाय सकाळपासून.”

थोरलीला डॉक्टरीणबाईंचा तो ‘खांदा’ आठवला. पण आवाज तिने जागेवर ठेवला. “ऊठ. दवाखान्यात जायचंय.”

“नाही. माई म्हणाली, पाय जमिनीला लावायचा नाही. ताई, एकोणीस झालाय गं. या वेळी राहणार आहे.”

“धाकटे, माझ्याकडे बघ. गिऱ्हाईक म्हणालं, गेल्या वेळी आठ होता, आता बेचाळीस कसा? तर तू काय सांगतेस?”

“आता काय दुकानाचं काढतेस!”

“सांग ना. काय सांगतेस?”

“पाय तोच,” धाकटी कंटाळून म्हणाली, “पट्टी...” आणि तिथेच तिचे ओठ थांबले.

तिला किती सांगावं लागणार, याची थोरलीला भीती होती. काहीच सांगावं लागलं नाही. आयुष्यभर जी मापं विकत आली, तिला एक खूण पुरली.

“म्हणजे माझा सहाच आहे?”

“सहाच आहे, राणी.”

“वाढलाच नाही?”

“नाही.”

धाकटीने हात पुढे केला. तो बर्फासारखा गार होता. ती उठून बसली, उभी राहिली, आणि दारापर्यंत पोचायच्या आत काकूंच्या अंगावर कोसळली. तेव्हा काकूंनीच किंचाळत शेजारी गोळा केले, त्यांनीच तिचे पाय धरून गाडीत चढवले, आणि वाटभर त्याच म्हणत राहिल्या, “मला काय ठाऊक? मला कुणी सांगितलं का?” डॉक्टरीणबाईंनी दोघी बहिणींना सगळं सांगितलं होतं. पण ती वेळ भांडायची नव्हती.

गर्भ नळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. पोट रक्ताने भरलं होतं. शस्त्रक्रिया झाली. नळी काढावी लागली, रक्त चढवावं लागलं. गर्भ वाचणं कधीच शक्य नव्हतं. तो जिथे रुजला होता तिथे कुणाच्याच कृपेने वाढला नसता. पण धाकटी वाचली. आणखी थोडा वेळ ती मोती रुजायची वाट बघत पडली असती, तर तीही गेली असती. हे डॉक्टरीणबाईंनी काकूंना तोंडावर सांगितलं, आवाज न चढवता. मग काकूंनी विचारलं, “मग त्या बाकीच्या बायका? त्यांनाही कुणी सांगायला नको का?”

म्हणून पुढच्या बैठकीला थोरली पुन्हा त्या हॉलात गेली. सोबत डॉक्टरीणबाई, आणि दवाखान्यातली एक परिचारिका. परिचारिकेला स्वतःलाच तिसरा महिना होता. तिने एक गंमत करून ठेवली होती. आदल्या दिवशी सकाळी तिने दवाखान्यात रक्त दिलं, आणि तिथून थेट जावयाच्या टेबलावर जाऊन ‘तीन दिवसांपूर्वी मोती घेतला’ असं सांगून पुन्हा दिलं. माईचं तिने तोंडही पाहिलं नव्हतं.

थोरलीच्या हातात दोन कंपन्यांचे दोन बूट होते, एक डावा, एक उजवा.

माइकवाला नेहमीप्रमाणे गर्जत होता, “कुणाचा आकडा? कुणाचा? पुढे या!”

“माझ्या ताईचा घ्या,” परिचारिका मंचावर चढून म्हणाली. थोरलीला ती ताईच म्हणे.

माइकवाल्याला वाटलं, भक्त वाढले. त्याने माइक आदबीने थोरलीसमोर धरला. तिने तो हातात घेतला, आणि मग काही सोडला नाही.

“बायांनो, हा बूट बघा,” थोरली म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण माइक चांगला होता. “कुणाच्या पायाला बसतो? तुम्ही या. हो, तुम्हीच, हिरव्या ओढणीवाल्या.”

बाई हसत पुढे आली. बूट बसला.

“किती नंबर लिहिलाय तळावर?”

“सहा.”

“आता उजवा घाला. बसला? त्यावर?”

“एकोणचाळीस!” बाई चकित होऊन म्हणाली. हॉलात हशा पिकला.

“एका मिनिटात सहाचे एकोणचाळीस! मी तर नुसता बूट चढवला, थुंकलेसुद्धा नाही. आता माईपेक्षा मी मोठी झाले की नाही?”

हसू जरा अडखळलं. माईने डोळे उघडले.

“पाय वाढला का हो तुमचा?”

“छे! पाय तेवढाच. माप वेगळं आहे.”

“तेच इथे चाललंय. तुमच्या डॉक्टरचा रिपोर्ट एका मापात, आणि या कोपऱ्यातल्या टेबलाचा दुसऱ्या मापात. दुसऱ्या मापात आकडा तिप्पट दिसतो, रक्त तेच असलं तरी. आपापले दोन्ही कागद पिशवीतून काढा आणि आकड्यापुढची बारीक अक्षरं बघा. एवढा मोठा फलक लावलाय, पण ती अक्षरं त्यावर कधी पाहिलीत?”

कागदांची सळसळ हॉलभर पसरली. परिचारिकेने आपले दोन कागद उंच धरले. “हे माझे. एका सकाळचे. बारा आणि अडतीस. आणि मोती मी तोंडात घातलाच नाही.”

जावई टेबल आवरायला लागला होता.

माई उठली. आवाज अजून तोच, पोर झोपलेलं. “बाळांनो, कागदाचं काय घेऊन बसलात! ज्यांना मुलं झाली त्यांना विचारा.”

“माझं झालं!” मागून एक बाई उठली. तिच्या कडेवर गुटगुटीत पोर होतं. “डॉक्टर कमी आहे म्हणाला होता, माईंनी वाढवला, आणि हा बघा. याचं काय?”

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. “खूप छान आहे बाळ. पण बाई, आकडा थोडा कमी आला तरी पुष्कळ बायकांचं सगळं सुरळीत होतं, मोती नसतानाही. तुमचं तसंच झालं. तुम्ही पेढे घेऊन इथे आलात. ज्यांचं गेलं, त्या पुन्हा या हॉलात आल्या का? तोंड लपवून घरी बसल्या असतील. म्हणून इथे नुसती मुलंच मुलं दिसतात.”

बाईने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“आणि माझी बहीण,” थोरली म्हणाली, “आठवते ना माई? सहावाली. तिचा गर्भ नळीत होता. पोट फाटत होतं, आणि तुम्ही सांगितलंत, मोती रुजतोय, सोस.”

“तिची श्रद्धा कच्ची पडली,” माई म्हणाली.

तोपर्यंत थोरलीला किळस होती ती लाळेची. त्या क्षणी ती त्या वाक्याची आली, आणि ही रुमालाने टिपता येण्यासारखी नव्हती.

“कच्ची?” ती म्हणाली. “इतकी पक्की होती, की मरायला टेकली तरी पलंगावरून उठत नव्हती!”

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू उठल्या. त्या कधी येऊन बसल्या होत्या, थोरलीला माहीतही नव्हतं. काकू तडक बरणीकडे गेल्या, मूठभर मोती उचलले आणि मंचावरच्या जळत्या दिव्याच्या तापलेल्या टोपावर टाकले. मोती वितळले, वरची साखर करपली, आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास सुटला.

“मेण आहे मेलं!” काकू म्हणाल्या. “हिच्या थुंकीतलं मेण मी माझ्या सुनेला खायला घातलं!”

पुढच्या रांगेतली एक पोरगी तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. काहीजणींनी तिथेच थुंकून टाकलं. काही मात्र अजूनही हात जोडून बसल्या होत्या, हे लिहायलाच हवं. एक तर थोरलीला म्हणाली, “आमचा आधार होता, तो पण काढून घेतलास.” यावर उत्तर सोपं नाही. त्या बाईला घाबरवणारे लोक पुष्कळ भेटले होते, आणि शेजारी बसून हात धरणारी एकच भेटली होती. ती चोर निघाली. डॉक्टरीणबाईंनी त्या बाईला तिथेच खुर्चीवर बसवलं, तिचा कागद हातात घेतला आणि जे तिला कुणीच आजवर सांगितलं नव्हतं, ते सावकाश सांगितलं. हे काम मोती थुंकण्यापेक्षा वेळखाऊ आहे, पण आधार म्हणतात तो हाच.

माई मागच्या दाराने गाडीत बसून निघून गेली. तक्रार नोंदवली आहे. पण बॅडमिंटनचे हॉल गावोगाव असतात, मेण स्वस्त असतं, आणि घाबरलेली बाई प्रत्येक घरात असते. आज तिची बरणी कुठे उघडली असेल, सांगता येत नाही.

धाकटी आता हिंडतेफिरते आहे. अजून दुकानात येत नाही. एक नळी शाबूत आहे, पुढे मूल होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. धाकटी ‘बघू’ म्हणते. थोरली तिला रोज फोन करते आणि रोज एकच विचारते: आज कसं वाटतंय?

तेच तुम्हीही विचारावं, एवढं तिचं मागणं आहे. कुठलाही आकडा पुढे आला की त्याचं माप विचारा. आकडा वाढला म्हणून कुणी नाचत असेल, तर पोट काय म्हणतं ते विचारा. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा, की जिला गुण आला नाही ती कुठे आहे? आणि देवाधर्माचं काय ते ज्याचं त्याने बघावं, पण दुखणाऱ्या बाईला ‘सोस’ म्हणणाऱ्याचं तोंड बघू नका, मग तो पांढऱ्या पातळात असो की पांढऱ्या कोटात.

तुमच्या ओळखीत नुकतेच दिवस गेलेली कुणी तरी असेल. बहीण असेल, वहिनी असेल, ऑफिसातली शेजारची असेल, वरच्या मजल्यावरची नवी सून असेल. हे वाचून झालं की तिला फोन लावा. दुखतंय का, कुठल्या बाजूला, रक्त दिसलं का, चक्कर येते का, खांद्यात काही होतंय का, असं एकेक करून विचारा. आणि ती जर हळू आवाजात म्हणाली, “काही नाही गं, थोडंसं ओढतंय,” तर फोनवर समाधान मानू नका. उठा, तिच्या दाराशी जा, आणि तिला घेऊन डॉक्टरकडे निघा.